विशेष कक्षांतील परिचारिका व त्यांचा जादा भत्ता

एखाद्या मोठ्या रुग्णालयांत प्रवेश करणाऱ्या मनुष्यास तेथील सर्व परिचारिका सारख्याच दिसतात. गणवेश एकच, हांक मारण्याचा ‘सिस्टर’ हा शब्दही एकच, आणि सरकारी वेतनपत्रक पाहिलें तर पगाराची श्रेणीही बहुधा एकच. तथापि त्याच इमारतीच्या एका मजल्यावरील परिचारिका चाळीस खाटांच्या दालनांत औषधें वाटीत फिरत असते, तर दुसऱ्या मजल्यावरील तिची सहाध्यायिनी एकाच अत्यवस्थ रोग्याच्या उशाशीं उभी राहून त्याचा श्वास, रक्तदाब आणि लघवीचें प्रमाण तासातासाला टिपून ठेवीत असते. या दुसरीला पहिलीपेक्षां अधिक वेतन मिळावें काय? मिळावें, तर तें नेमकें कशाबद्दल? वरवर पाहतां हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो. परंतु कोणत्या खाटेशीं कोण उभें राहणार व किती वर्षें टिकून राहणार, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें तो अखेरीस रोग्याच्या जिवाचा प्रश्न ठरतो.

विशेष कक्ष ही संस्था फार जुनी नाहीं. १९५२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रोगी ब्लेगडॅम रुग्णालयांत रोज दाखल होऊं लागले आणि त्यांतील बहुतेक दगावूं लागले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्यास छिद्र पाडून त्यांतून नळी घालावी व रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरावी, असा उपाय सुचविला. यंत्रें पुरेशीं नव्हतीं. म्हणून वैद्यकाचे सुमारें १,५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले, आणि परिचारिकांनीं त्यांच्या जोडीनें त्या रोग्यांची शुश्रूषा केली. मृत्यूचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. पुढच्या वर्षाच्या, म्हणजे १९५३ च्या अखेरीस, इब्सेन यांनीं त्याच शहरांतील कोमुनेहॉस्पिटल येथें अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथें मानला जातो. रोग्याजवळ शिकलेलें माणूस अखंड उभें राहिलें तर मरणोन्मुख रोगीही वांचतो, हा त्या सांथीनें दिलेला धडा होता.

यानंतर दहा वर्षांनीं, १९६२ सालीं, अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील बेथनी रुग्णालयांत ह्यूज डे यांनीं हृदयविकाराच्या रोग्यांसाठीं खास कक्ष सुरू केला. हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागलें, म्हणजे विजेचा धक्का देऊन तें पूर्ववत् चालू करण्यास कांहीं मिनिटांचाच अवधि मिळतो. तेवढ्या वेळांत डॉक्टर येऊन पोंचेलच याची शाश्वति नसते. यास्तव जो अधिकार तोंपर्यंत केवळ डॉक्टरांचा समजला जाई, तो अशा कक्षांतून शिकून तयार झालेल्या परिचारिकेच्या हातीं हळूहळू द्यावा लागला. जबाबदारी अशा रीतीनें एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली. वेतन मात्र तिच्या मागोमाग गेलेंच असें नाहीं, आणि जादा भत्त्याच्या वादाचें मूळ येथेंच आहे.

या कक्षांतील काम सामान्य दालनांतील कामाहून वेगळें कसें, हें कांहीं उदाहरणांनीं स्पष्ट होईल. श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, ठेवलेला रोगी बोलूं शकत नाहीं व बहुधा स्वतः कूसही बदलूं शकत नाहीं. त्याच्या नळींत सांचलेला कफ ओढून काढणें, त्यास ठराविक वेळानें कुशीवर वळविणें, रक्तदाब सांवरून धरणारें औषध थेंबाथेंबानें कमीजास्त करणें, आणि यंत्राची घंटा वाजली असतां बिघाड यंत्रांत आहे कीं रोग्यांत, हें क्षणांत ओळखणें, हीं सर्व परिचारिकेचीं कामें होत. नवजात अर्भकांच्या कक्षांत एक किलोग्रॅम वजनाच्या बालकास द्यावयाची औषधाची मात्रा इतकी सूक्ष्म असते, कीं दशांशचिन्ह एक घर सरकलें तर ती दसपट होते. शस्त्रक्रियागृहांत पोट शिवण्यापूर्वीं गॉजचा प्रत्येक तुकडा व प्रत्येक हत्यार मोजून घ्यावें लागतें. मोजणी जुळली नाहीं तर शल्यचिकित्सकासही थांबविण्याचें धैर्य परिचारिकेच्या अंगीं असावें लागतें. कर्करोगावरील कित्येक औषधें हाताळणाऱ्याच्या शरीरासही अपाय करूं शकतात. भाजलेल्यांच्या कक्षांत जखमा वारंवार धुवाव्या लागतात व ती वेदना पाहत काम करावें लागतें. मनोरुग्णालयांत क्षुब्ध झालेल्या रोग्यास इजा न करतां शांत करावें लागतें.

आतां अशा कामाचा अधिक मोबदला द्यावयाचा म्हटलें, तर त्याचीं तीन निरनिराळीं कारणें संभवतात. पहिलें कारण कौशल्याचें, दुसरें कष्टाचें आणि तिसरें टंचाईचें. तिन्ही कारणें खरीं आहेत. परंतु त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि बहुतेक तंटे तीं एकमेकांत मिसळल्यानें उत्पन्न होतात.

कौशल्य हें व्यक्तीचें असतें. परिचारिका एका कक्षांतून दुसऱ्या कक्षांत गेली तरी तें तिच्याबरोबर जातें. तेव्हां त्याचा मोबदलाही तिच्याबरोबर गेला पाहिजे. तो वेतनवाढीच्या रूपानें कायमचा असावा हेंच युक्त. भारतीय परिचर्या परिषदेनें अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, नवजात अर्भक इत्यादि विषयांचे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम ठरवून दिलेले आहेत, आणि अतिदक्षतेच्या परिचर्येंत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आंखला आहे. अमेरिकेंत १९६९ सालीं या क्षेत्रांतील परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व पुढील दशकांत तिच्या वतीनें स्वतंत्र परीक्षा घेतली जाऊं लागली. तेथील अनेक रुग्णालयें अशी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेस दर तासामागें ठराविक रक्कम अधिक देतात. जेथें परीक्षा आहे परंतु तिचें फळ वेतनांत दिसत नाहीं, तेथें एक वर्षाचें शिक्षण घेऊन आलेल्या परिचारिकेची बदली दुसऱ्याच कक्षांत होते आणि तिचें शिक्षण वायां जातें. कारण त्या शिक्षणाची किंमत कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते.

कष्ट व धोका हे जागेचे असतात. जोंपर्यंत ती जागा, तोंपर्यंत ते कष्ट. म्हणून त्यांचा मोबदला भत्त्याच्या रूपानें असणें व नेमणूक संपतांच तो थांबणें हें तर्काला धरून आहे. मात्र हा मोबदला नेहमीं रोख रकमेंतच असला पाहिजे असें नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेंत मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना पूर्वीं एक वेगळाच हक्क होता. ६ मार्च १९९५ पूर्वीं सेवेंत आलेल्या व त्या वर्गांत मोडणाऱ्या परिचारिकेची वीस वर्षांची सेवा पूर्ण झाली, म्हणजे पुढील प्रत्येक वर्ष निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत दोन वर्षें म्हणून धरलें जाई, आणि ५५ व्या वर्षीं निवृत्त होण्याची मुभा असे. झिजलेल्या शरीराला व मनाला पैशापेक्षां विश्रांति अधिक उपयोगी, हा विचार त्यामागें दिसतो.

तिसरें कारण टंचाईचें. टंचाई ना व्यक्तीची, ना जागेची; ती बाजाराची असते. आज आहे, उद्यां नसेल. म्हणून तिच्यापायीं द्यावयाची रक्कम वेगळी दाखविली पाहिजे व वेळोवेळीं तपासली पाहिजे. ब्रिटनमध्यें २००४ सालीं नवी वेतनव्यवस्था लागू झाली तेव्हां हा भेद स्पष्टपणें करण्यांत आला. प्रत्येक पदाचें मोल १६ निकषांवर ठरविण्यांत आलें. त्यांत ज्ञान व जबाबदारी यांबरोबर शारीरिक, मानसिक व भावनिक श्रम आणि कामाची परिस्थिति यांचाही समावेश होता. माणसें मिळत नसल्यास किंवा टिकत नसल्यास द्यावयाची रक्कम मात्र या मोलमापनाबाहेर ठेवली गेली, आणि ती सामान्यतः मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांहून अधिक असूं नये असें ठरलें. ज्या ठिकाणीं असें बंधन नसतें तेथें काय होतें, हें कोविडच्या सांथींत, २०२० पासून पुढील दोन वर्षांत, अमेरिकेंत दिसून आलें. गांवोगांव फिरून कंत्राटानें काम करणाऱ्या अतिदक्षता परिचारिकांचे दर नेहमींच्या दुपटीतिपटीवर गेले, आणि त्याच कक्षांत वर्षानुवर्षें काम केलेल्या कायम परिचारिकेस शेजारच्या खाटेपाशीं आपल्याहून कितीतरी अधिक मिळविणारी पाहुणी दिसूं लागली. कित्येकींनीं कायमची नोकरी सोडून तोच मार्ग धरला, आणि ज्या टंचाईवर उपाय म्हणून हे दर दिले गेले ती टंचाईच कांहीं ठिकाणीं वाढली.

भारतांत स्थिति निराळी आहे. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींनुसार केंद्र सरकारच्या सेवेंत नव्यानें लागणाऱ्या परिचारिकेचें आरंभीचें मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरलें. आयोगानें शस्त्रक्रियागृह-भत्ता रद्द करावा अशी शिफारस केली होती. सरकारनें ती मानली नाहीं. २८ जून २०१७ रोजीं मंत्रिमंडळानें तो भत्ता कायम ठेवला व दरमहा ३६० रुपयांवरून ५४० रुपये केला. त्याच निर्णयानें सर्व परिचारिकांना मिळणारा परिचर्या-भत्ता ४,८०० रुपयांवरून ७,२०० रुपये झाला. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. परिचारिका असल्याबद्दलचा भत्ता आरंभींच्या मूळ वेतनाच्या सुमारें १६ टक्के, तर शस्त्रक्रियागृहांत काम केल्याबद्दलचा भत्ता सुमारें सव्वा टक्का. महिन्याचे तीस दिवस धरले तर ५४० रुपयांचे दिवसाला १८ रुपये होतात. एवढ्या रकमेनें कोणी त्या कक्षाकडे ओढलें जाईल किंवा तेथें टिकून राहील, असें म्हणणें कठीण आहे. हा भत्ता कामाची ओळख ठेवतो. कामाचा मोबदला तो देत नाहीं.

खाजगी रुग्णालयांत तर प्रश्न भत्त्याच्या आधीं मूळ वेतनाचा आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघानें केलेल्या अर्जावर २०१६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें या वेतनाचा विचार करण्यासाठीं समिति नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत वेतन त्या त्या राज्य सरकारच्या परिचारिकांइतकें असावें, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत तें १० टक्क्यांहून अधिक कमी नसावें, ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावें, आणि त्याहून लहान रुग्णालयांतही दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावें, अशी शिफारस त्या समितीनें केली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोंपविली गेली. पाया कच्चा असतांना वरच्या मजल्यास रंग देण्यांत अर्थ नसतो. मूळ वेतनच अपुरें असेल, तर विशेष कक्षाचा भत्ता हा घरखर्च भागविण्याचा एक मार्ग होऊन बसतो, आणि ज्यांना त्या कामाची आवड किंवा धाटणी नाहीं त्याही केवळ त्या रकमेसाठीं तिकडे वळतात.

येथें सामान्य दालनांतील परिचारिकेचा आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. ती म्हणेल, “अतिदक्षतेंतील सिस्टरपाशीं एक किंवा दोन रोगी, मजजवळ रात्रपाळीला चाळीस. तिचा रोगी बरा झाला कीं तो मजकडेच येतो, आणि तो पुन्हां बिघडला तर तें प्रथम ओळखावयाचें मलाच. मग माझें काम हलकें कसें?” या आक्षेपांत तथ्य आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९९९ सालीं कायदा करून २००४ पासून रोग्यांची कमाल संख्या बांधून दिली. त्यानुसार अतिदक्षता विभागांत एका परिचारिकेकडे दोन, आणि सामान्य वैद्यकीय व शस्त्रक्रियेच्या दालनांत आरंभीं सहा व पुढें पांच रोगी, अशी मर्यादा ठरली. ज्या देशांत ही मर्यादा पाळली जाते तेथें दोन्ही कामांची तुलना करतां येते. जेथें सामान्य दालनांत मर्यादाच नाहीं, तेथें कष्टाच्या नांवावर एकीलाच भत्ता देणें दुसरीस अन्यायाचें वाटल्यास नवल नाहीं.

शिवाय हा आक्षेप केवळ भावनेचा नाहीं. २००२ सालीं लिंडा एकन व त्यांचे सहकारी यांनीं पेनसिल्व्हानिया राज्यांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा त्यांत विचार होता. एका परिचारिकेमागें एक रोगी वाढला, कीं रोग्याच्या ३० दिवसांच्या आंत मृत्यूचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढलेला त्यांना आढळला. हे रोगी बहुतांशीं सामान्य दालनांत शुश्रूषा होणारे होते. विशेष कक्षांतील परिचारिका टिकविण्याच्या नादांत सामान्य दालन ओस पडलें, तर एका मजल्यावर वांचविलेले प्राण दुसऱ्या मजल्यावर गमावल्यासारखें होईल.

जागेला चिकटलेल्या भत्त्याचे आणखीही दोष आहेत. भत्ता मोठा असेल तर नेमणुकीसाठीं वशिला लागूं लागतो, आणि एकदां मिळालेली जागा सोडण्यास कोणी तयार होत नाहीं. थकलेली परिचारिका कांहीं महिने हलक्या कामावर जाऊं इच्छीत असली, तरी घरचा हप्ता तिला तसें करूं देत नाहीं. गरोदरपणांत क्ष-किरणांच्या किंवा कर्करोगाच्या औषधांच्या संपर्कांतून दूर केलेल्या परिचारिकेचा भत्ता त्याच दिवशीं थांबला, तर बाळाच्या रक्षणाची किंमत तिच्याच पगारांतून वसूल केल्यासारखें होतें. भेदरेषा आंखणेंही सोपें नसतें. ब्रिटनमध्यें १९८८ सालीं परिचारिकांच्या पदांची ‘ए’ पासून ‘आय’ पर्यंत नऊ श्रेणींत वांटणी करण्यांत आली तेव्हां आपणांस खालची श्रेणी मिळाली अशा हजारों तक्रारी दाखल झाल्या आणि त्यांचा निकाल लावण्यांत वर्षें गेलीं. डायालिसिस कक्ष विशेष मानला, तर प्रसूतिगृह कां नाहीं? अपघात विभाग मानला, तर सर्पदंशाचे रोगी रात्रीं-अपरात्रीं घेणारें तालुक्याचें रुग्णालय कां नाहीं? अशा प्रश्नांना पाटी पाहून उत्तर देतां येत नाहीं. काम पाहूनच द्यावें लागतें.

इतके दोष असले तरी भत्ता नकोच, असें मात्र कोणी म्हणूं नये. अतिदक्षतेंतील परिचारिका तयार होण्यास काळ लागतो, आणि ती तयार झाली म्हणजे तिच्या अनुभवास देशांत व परदेशांत मागणी असते. आखाती देश व ब्रिटन येथें भारतीय परिचारिका मोठ्या संख्येनें काम करतात, आणि विशेष कक्षांतील अनुभव ही तेथील दारें उघडणारी किल्ली आहे. जें रुग्णालय तिला शिकवितें त्यानें तिची किंमत केली नाहीं, तर दुसरें कोणी तरी करणारच. त्यानंतर रिकामी झालेली जागा नवशिक्या मुलीनें भरली जाते, आणि यंत्राची घंटा कां वाजली हें ओळखण्यास लागणारे ते दोन क्षण वाढतात. भत्ता न देण्यानें वांचलेल्या रकमेची परतफेड अशा रीतीनें रोगी करीत असतो, आणि ती कोणत्याही हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं.

तेव्हां तिन्ही कारणें वेगळीं ठेवणें हाच यांतील सुरक्षित मार्ग होय. शिक्षण व परीक्षा यांबद्दलची वाढ परिचारिकेच्या मूळ वेतनांत घालावी, म्हणजे बदली झाली तरी ती जाणार नाहीं, आणि प्रशिक्षित हात चुकीच्या कक्षांत पाठविणें व्यवस्थापनासच महाग पडेल. कष्टाचा व धोक्याचा भत्ता कामाच्या प्रत्यक्ष ओझ्यावर ठरवावा. त्यांत चाळीस खाटांच्या दालनांतील रात्रपाळीचाही विचार व्हावा, आणि गरोदरपण किंवा कामांतून आलेलें आजारपण या काळांत तो बंद होऊं नये. टंचाईपायीं दिलेली रक्कम टंचाई आहे तोंवरच असावी व तसें आरंभींच सांगावें. आणि रक्कम कोणतीही असो, ती रुपयांच्या ठराविक आंकड्यांत गोठवून न ठेवतां वेतनाच्या टक्केवारींत बांधावी. नाहींतर महागाईबरोबर ती इतकी झिजते, कीं शेवटीं तिची नोंद करण्याचा खर्चच अधिक वाटूं लागतो.

रोगी घरीं परततो तेव्हां त्यास डॉक्टरांचें नांव आठवतें, आणि यंत्राचें बिल तर कागदावरच असतें. रात्रीं तीन वाजतां नळींतील कफ कोणी काढला, हें त्यास ठाऊक नसतें. बहुधा त्या वेळीं तो शुद्धीवरही नसतो. ज्या सेवेचा साक्षीदार रोगी स्वतः होऊं शकत नाहीं, त्या सेवेचें मोल ठरविण्याचें काम समाजानें व त्याच्या वतीनें शासनानें आणि व्यवस्थापनानें जागेपणीं केलें पाहिजे.